उपाशी आणि उपास

बारामती

गरिबी मोजायला बारामतीला चालले आहे, असं सांगितल्यावर चिपळुणातल्या माझ्या शेजारणी हसल्या होत्या. "मग उकाडा मोजायला काश्मीरला कधी जाणार?" असं एकीनं विचारलंसुद्धा. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. बारामतीत उतरले तेव्हा मलाही क्षणभर वाटलं, की आपण भलत्याच गाडीत बसलो. रुंद रस्ते, रस्त्यांच्या मधोमध फुलझाडं आणि प्रत्येक खांबावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. आमच्याकडे माणूस गेल्यावरच त्याचा एवढा मोठा फोटो लागतो. इथे जिवंतपणीच ही सोय आहे.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर आता लोणची घालावीत की काय, अशा विचारात असताना पुण्याच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. राज्यभर शाळकरी वयाच्या मुलांमधली गरिबी मोजायची होती. बापाची मिळकत विचारायची नाही, कारण ती कुणीच खरी सांगत नाही. त्याऐवजी मुलाला काय मिळतं ते विचारायचं. पायात चपला आहेत का, अभ्यासाला उजेड आहे का, पोटाला पुरेसं आहे का. ज्या गावांच्या गटात वंचित मुलं ठरावीक प्रमाणाच्या वर निघतील, तिथल्या शाळांना रोज सकाळचा नाश्ता मिळणार होता. प्रमाण खाली राहिलं तर नाश्ता नाही. म्हणजे आमच्या टॅबवरच्या हो आणि नाहीवर कुणाचं तरी दूध-अंडं अवलंबून होतं, आणि ही गोष्ट मी चारही दिवस विसरू शकले नाही.

प्रशिक्षण एका वातानुकूलित सभागृहात झालं. गरिबीवर बोलताना सगळ्यांना थंडी वाजत होती. पुण्याहून आलेल्या मॅडमनी एक प्रश्न पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवला: "गेल्या महिन्याभरात तुमचं मूल एखाद्या दिवशी उपाशी राहिलं का?" हा आपल्या पाहणीचा कणा आहे, असं त्या म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या आणि जेवायला गेलो. जेवणात मटण होतं, बाजरीची भाकरी होती आणि तिखट असं, की माझ्या कोकणी जिभेनं सोलकढीची मनोमन आठवण काढली.

माझ्या जोडीला रेहाना तांबोळी होती. इंदापूरची, तिशीची. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, स्वतः डी.एड. केलेली, पण नोकरीची जाहिरात निघायची वाट बघत अशा पाहण्या करणारी. तिच्याकडे स्कूटर होती आणि बोलायला अखंड विषय होते. सकाळी ती मला "मॅडम" म्हणत होती, संध्याकाळपर्यंत "काकू" म्हणू लागली. मला त्यात बढती झाल्यासारखं वाटलं.

कऱ्हाटी

कऱ्हाटी कऱ्हेच्या काठाला आहे, आणि मोरगावचा गणपती इथून जवळ. ही माहिती मी प्रवासवर्णनात घालायची म्हणून घालत नाही. तिच्यामुळेच आमची पाहणी पहिल्याच दिवशी आडवी झाली.

पहिलं घर एका आबांचं. दुमजली बंगला, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जर्सी गाई. नातू शंभू पाचवीत. मी सुनेला विचारलं, मुलाला चपला आहेत का. ती गोंधळली. "कुठल्या? शाळंच्या, खेळायच्या का लग्नाकार्याच्या?" रेहानानं गंभीर चेहऱ्यानं "हो" दाबलं. उजेड होता, पंखा होता, टेबल-खुर्ची होती. मग मी पाहणीच्या कण्यावर आले. मूल कधी उपाशी राहिलं का?

"ऱ्हातो की!" आबाच कौतुकानं म्हणाले. "आजबी हाय. संकष्टी न्हाय का आज? दर चतुर्थीला धरतो. आन एकादशीला बी."

"आबा, तसं नाही. उपाशी म्हणजे..."

"उपाशीच की वो! सकाळधरनं अन्नाचा कण न्हाय त्याच्या पोटात."

टॅबमध्ये प्रश्नाचं उत्तर एकच येतं. रेहानानं "हो" दाबलं, आणि ट्रॅक्टरवाल्या घरातला शंभू लाल रंगात "अतिवंचित" होऊन बसला. तेवढ्यात सुनेनं ताटं आणली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, तुपातली रताळी, वर केळं आणि दूध. आमच्याकडे खोबरं जसं सगळ्यात पडतं, तसं इथे शेंगदाण्याचं कूट पडतं. समोर अतिवंचित शंभू दुसऱ्यांदा खिचडी मागून घेत होता. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा आईच म्हणाली, "आरं उपास हाय ना तुझा? पोट बिघडंल."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मोरगावच्या गणपतीनं आख्ख्या गावाला चतुर्थी लावून दिलेली होती. संध्याकाळपर्यंत आमच्या टॅबवर कऱ्हाटी दुष्काळात सापडल्यासारखी दिसू लागली, आणि आम्हा दोघींना खाऊन खाऊन स्कूटरवर नीट बसवत नव्हतं. मी पुण्याच्या मॅडमना फोन केला. त्या हसल्या नाहीत. सकाळी सगळ्या टॅबवर नवी सूचना आली: उपास असल्यास उत्तर "नाही" नोंदवावे; उत्तर हो असल्यास कारण निवडावे.

"मग आमचा रोजा?" रेहानानं विचारलं.

"तोही उपासच धरायचा."

"म्हणजे आमच्यातबी कोण उपाशी न्हाय. बरं झालं बाई, सगळी एका माळंची झाली," असं म्हणून तिनं स्कूटरला किक मारली. नियम सोपा होता, स्वच्छ होता. मला तो आवडला.

लासुर्णे

उसाच्या हंगामात या रस्त्यावरून जाणं म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून जाणं. एकामागे दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशिग भरलेल्या, आणि पुढे कर्ण्यावर इतक्या मोठ्यानं गाणं, की हॉर्न आपल्यालाही ऐकू येत नाही. लासुर्ण्याच्या अलीकडे एका ट्रॉलीतून उसाची मोळी सरकली आणि रस्त्यावर आली. रेहानानं स्कूटर वाचवली, पण ती वाचवताना आम्हा दोघींना पाटाच्या चारीत घातलं. टॅब कोरडा राहिला, मी नाही.

जवळच्या घरातली बाई धावत आली. तिनं मला आत नेलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि माझं "नको, नको" न ऐकता कपाटातली साडी नेसवली. साधी साडी दाखवायला तिला लाज वाटली असावी. तिनं काढली ती जरीच्या काठाची, मोरपंखी, एखाद्या वरमाईला शोभेल अशी. "वाळली की तुमची साडी न्या, तंवर ह्याच साडीवर फिरा," ती म्हणाली. आमच्याकडे ओळखीच्या बाईलाही छत्री देताना दोनदा आठवण करून देतात.

त्या वेषात मी पुढच्या घरी गेले. घर तात्यांचं. ओसरीवर तात्या, त्यांची बायको आणि आठवीतली नात, जी शिकायला आजोळी राहिली होती. मागच्या दारात तिशीतला एक मुलगा उगाचच केस विंचरत उभा. मी विचारलं, घरात खोल्या किती. तात्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं पदर सारखा केला.

"खोल्या चार हाईत. वर बांदायचा इचार हाय."

"पाणी?"

"नळ हाय, बोर हाय. चोवीस तास."

"संडास?"

"दोन. त्यातला एक बसायचा... म्हंजे विलायती." तात्या पुढे झुकले. "पोरगं निर्व्यसनी हाय. सुपारी बी खात न्हाय."

मला वाटलं नातीबद्दल बोलताहेत, म्हणून मी "छान" म्हणाले. मुलीला कधी उपाशी राहावं लागतं का, असं विचारलं, तेव्हा तात्या दुखावले. "आमच्या घरात? अवो, ह्या घरात सून आली तर ती खाऊन खाऊन दमंल!" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, पोरीचं शिक्षान काय झालंय?"

"कोणत्या पोरीचं?"

"तुमच्या. जिच्यासाठी बघायला आलाय तिच्या."

रेहाना ओसरीवरून उठून अंगणात गेली. ती हसायला गेली होती हे मला पाठमोरं पाहूनही कळत होतं. मी तात्यांना सगळं समजावलं. सर्वे आहे, शाळेतल्या मुलांचा आहे, सोयरिकीचा नाही. मागच्या दारातला कंगवा खिशात गेला. तात्या टॅबकडे बघून म्हणाले, "मग संडास एकच लिवा. दुसरा शेजाऱ्याचा हाय. आन खोल्या दोन." चहा मात्र तेवढाच गोड आला, आणि निघताना कोकणात एखादी मुलगी असली तर कळवा, असंही सांगून झालं.

स्कूटरवर मी विचार करत होते. आमच्याकडे माणूस घरात असलेलं लपवतो, फणस किती लागले हेसुद्धा सांगत नाही. इथली माणसं नसलेलं लपवतात. तात्यांचं लपवणं कंगवा खिशात जाईपर्यंत टिकलं. साडी परत द्यायला गेले तर त्या बाईनं घेतलीच नाही. वाद घालून, शपथ घालून शेवटी तिच्या कपाटात ठेवून आले.

नरसिंहपूर

इंदापूर तालुका जिथे संपतो तिथे नीरा भीमेला मिळते. रस्ता उसातून येतो आणि एकदम दगडी तटापाशी थांबतो. वर नरसिंहाचं देऊळ, खाली घाट, आणि दोन नद्यांचं पाणी इतकं संथ, की कोणतं कोणात मिसळलं ते सांगता येत नाही. कुळदैवताला आलेल्या माणसांच्या गाड्या उभ्या होत्या. आम्ही आधी टपरीवर गरम भजी आणि ठेचा खाल्ला. रेहाना बाहेर पायरीवर बसली आणि मी दर्शन घेऊन आले. प्रसादाचा पेढा तिनंच आधी मागून घेतला.

आमची शाळा गावात नव्हती, थोडी अलीकडे एका वस्तीवर होती. तिथले गुरुजी आमची वाटच बघत होते. त्यांना नाश्त्याचं सगळं माहीत होतं. "आमची पोरं सकाळी चहा-बटर खाऊन येत्यात मॅडम. परिपाठाला दोन-चार तरी चक्कर येऊन बसत्यात. आमचा गट बसवा तेवढा." मी म्हणाले, बसवणं आमच्या हातात नसतं, आम्ही फक्त मोजतो. हे वाक्य प्रशिक्षणात शिकवलेलं होतं.

दुपारी व्हरांड्यात खिचडीच्या पंगती बसल्या. सातवीतली एक मुलगी मात्र ताट न घेता खांबाला टेकून बसली होती. शेजारी स्टीलचा डबा.

"ही कोमल," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "लय भाविक पोरगी. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा आन शनिवार आपल्या नरसिंहाचा. चार-चार उपास! ते बी निरंकार, पान्याशिवाय काय घेत न्हाय. तिच्या वाटणीची खिचडी वाया कशाला घालवायची, म्हणून डबा भरून देतो. घरी जाऊन सोडती."

त्या दिवशी गुरुवार होता. देवस्थानच्या गावात असं मूल असणारच, असं मला वाटलं. रेहानानं मात्र तिच्याकडे दोनदा पाहिलं. "रमजानात आमची ल्हान पोरं पण रोजा धरत्यात काकू," ती हळूच म्हणाली, "पण ती सांगत सुटत्यात सगळ्यांना. ही गप बसलीया."

आमच्या यादीत कोमलचं घर होतंच. शाळा सुटल्यावर तीच पुढे चालत आम्हाला घेऊन गेली. पत्र्याचं घर, अंगण सारवलेलं. वडील ऊस भरताना ट्रॉलीवरून पडल्यापासून खाटेवर. आई शालनबाई नुकतीच कामावरून आलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. धाकटा भाऊ बाळ्या, अजून शाळेत न जाणारा, डबा बघूनच धावत आला आणि झाकण उघडून उभ्या उभ्या खाऊ लागला. राहिलेली खिचडी शालनबाईंनी नवऱ्यापुढे ठेवली.

मी प्रश्न विचारत गेले. चपला होत्या. उजेड होता, एकच दिवा पण होता. मग तो प्रश्न आला.

"उपाशी? न्हाय वो बाई," शालनबाई म्हणाल्या. "उपाशी कशी ठिवीन? ती दुपारी शाळंतच जेवती. रोज, पोटभर. म्हणून तर सांजच्याला अर्धीच भाकर खाती, भूकच न्हाय म्हणती. वर उरल्याली खिचडी गुरुजी डब्यात देत्यात. लय चांगलं हाईत गुरुजी."

"आणि उपास?" रेहानाच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाचा? आमच्यात कोण धरतंय उपास?"

कोमल आईच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून. सांगू नका म्हणून. शाळेत देवाचं नाव आणि घरी शाळेचं नाव, अशी तिनं दोन्हीकडची सोय लावली होती, आणि दोन्हीकडची मोठी माणसं तिच्यावर खूश होती. मला रडू आलं नाही. भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

रेहाना मात्र थांबली नाही. तिनं टॅबवर "हो" दाबलं. टॅबनं कारण विचारलं. आजार, उपास, की घरात अन्न नव्हतं? तिनं तिसरं दाबलं आणि नियमाप्रमाणे ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शालनबाई ताडकन उठल्या. "अवो, हाय की घरात! कोण म्हणतंय न्हाय?" त्यांनी पिठाचा डबा आणून आमच्यापुढे उघडून धरला. तळाला पीठ होतं. "ही बघा. लिवा, हाय म्हणून लिवा." खाटेवरचा नवरा भिंतीकडे वळला. रेहानानं खाली मान घालून उत्तर बदललं.

बाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि "अगं बाई गं," म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आईनं काय उत्तर दिलं?"

"नाही."

"आणि शाळेत?"

"उपास."

"मग दोन्हीकडून नाहीच. आपण मनाचं लिहायला लागलो तर कऱ्हाटीचा शंभूही अतिवंचितच राहील, हो ना?" हेच मी जन्मभर वर्गात शिकवत आले.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. परतताना शाळेत थांबून गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसलेले उठून उभे राहिले. उद्यापासून ताट वेगळं आणि डबा वेगळा देतो, असं म्हणाले. थोड्या वेळानं हेही म्हणाले, की तेवढी खिचडी रोज शिल्लक असतेच असं नाही. चिपळूणला आल्यावर मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. त्यावर मनापासून आभार मानणारं उत्तर आलं. अहवाल निघाला तेव्हा सांस्कृतिक कारणांनी आलेल्या चुका वेळीच दूर केल्याबद्दल आमच्या गटाचं कौतुक होतं, आणि संगमाकडच्या गावांचा गट थोडक्यात रेषेखाली राहिला होता. गुरुजींचा फोन आला. "आमची पोरं जरा कमीच गरीब निघाली म्हणं मॅडम," ते म्हणाले. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

आठवतं ते त्या दिवशी पुण्याचा फोन ठेवल्यानंतरचं, शाळेकडे वळण्याआधीचं. कोमल आम्हाला स्कूटरपर्यंत पोचवायला आली. रेहानानं पिशवीतून बांगड्या काढून तिच्या हातात भरल्या. मनगट इतकं बारीक, की बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. कोमलनं त्या वाजवून बघितल्या. मग माझ्याजवळ आली.

"बाई, तुमी शिकलेल्या हाय. एक इचारू?"

"विचार की."

"बुधवार कुणाचा असतो? कुठल्या देवाचा?"

आमच्याकडे बुधवार विठोबाचा. माझी आई दर बुधवारी धरायची, मला ते लहानपणापासून माहीत आहे.

"कुणाचाच नाही," मी म्हणाले. "बुधवारी कुठल्याच देवाचा उपास नसतो. बुधवारी सगळ्यांनी जेवायचं असतं, तसा नियमच आहे."

तिचा चेहरा पडला. हातातल्या बांगड्या तिनं वर-खाली केल्या.

"बुधवारी अंड्याचा भात असतो शाळंत," ती म्हणाली. "बाळ्यानं अजून खाल्लाच न्हाय."